दोन

डॅन्यूबच्या काठची राखीव पाणथळ, पहाटे पाच.
धुकं अजून लव्हाळ्यावर टेकलेलं.
दोब्रिन वल्हं मारतो ते पाण्याला विचारूनच.
नेवेना जाळं सोडते:
निमुळतं, रेशमी, अगदी वस्त्रगाळ.
तळाच्या बाटलीत येतं चमचाभर गढूळ.

"एवढ्यासाठी?"
त्याला पेलिकन मोजणारे साहेब ठाऊक आहेत,
दुर्बीण, टोपी, दुपारी मासळीचं सार.
चमचाभर काहीच-नाही मोजणारी ही पहिलीच.

ती चार थेंब फॉर्मॅलिन टाकते.
साक्षीदार आधी मारायचे, मग जबानी घ्यायची
अशी या कोर्टाची रीत.
झाकण लावताना ती अजूनही दुसरीकडे बघते.

संध्याकाळी, चौकटी आखलेल्या काचेवर,
बोटाखालचं यंत्र टिकटिकत जातं.
रोटिफर, रोटिफर, रोटिफर,
शेतातलं खत तळ्यात उतरलं की
हे न बोलावता पंगतीला बसतात.
सायक्लॉप्स, एकडोळे, सदतीस.
डॅफ्निया
दोन.
एकीच्या पाठीत अंडी,
काचेचं अंग, लपवायला जागाच नाही.

"पाणी चांगलंय का?"
दोब्रिन दारात, गमबूट हातात.
"दोन."
"म्हणजे?"
"तीन वर्षांपूर्वी एकशे नऊ होत्या."
तो बराच वेळ बुटाचा चिखल खरवडत राहतो.
"लहानपणी ओंजळीनं प्यायचो हे पाणी.
म्हणजे ह्यांनाही प्यायलो असणार."

मग ती त्याला नळी दाखवते,
तळातून उपसलेला चिखल, थरावर थर.
"हा बंधाऱ्याच्या आधीचा.
ह्यात अंडी आहेत, काळ्या डबीत निजलेली.
पाणी बरं होईपर्यंत थांबायचं,
एवढंच येतं त्यांना."
बोटभर खाली, त्याच्या बापाची वर्षं.
त्यातला चिमूटभर चिखल बशीत,
वर स्वच्छ पाणी, टेबलावरचा दिवा.

अकरा दिवस काही नाही.
बाराव्या दिवशी दोब्रिन भिंगाला डोळा लावतो,
चष्मा कपाळावर,
आणि मागे सरतच नाही.
थेंबात टिंब. टिंबात
काहीतरी धडधडतंय, आरपार दिसतंय.

"हिच्या आईनं
माझ्या बापाचं वल्हं ऐकलंय."

नेवेना वही उघडते, मिटते.
ह्या एकीसाठी रकानाच नाही.

"सोडायची हिला तळ्यात?"

खिडकीबाहेर तळं, हिरवं, दाट, गप्प.
"आत्ता नको," ती म्हणते,
आणि बशीवर काच ठेवते,
हवेपुरती फट सोडून.