टपालाचं कपाट

आमच्या पेतीत-आन्समध्ये दोनशे अकरा माणसं,
झोएल धरून दोनशे बारा.
जनगणनेचा फॉर्म आला की यावर वाद होतो
आणि पाद्रीबाबा म्हणतात, धरा त्यालाही,
येतो तो चर्चला, मागचं बाक गार लागतं.

झोएल तिबोदो, पोस्टमन.
एकोणीसशे एकतीसच्या मार्चात
बर्फावरून खाडी ओलांडताना गेला.
पिशवी सापडली. आईनं पत्रं चुलीपाशी वाळवली
आणि स्वतः वाटली दारोदार.
एक मात्र त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात राहिलं.
कुणाला होतं, ते आम्ही विचारत नाही.

ओदील कोमो पोस्टात लागली तेव्हा एकेचाळीसची,
नवरा माँक्टनला, टायरच्या दुकानात, दुसऱ्या बाईबरोबर सुखी.
पहिल्याच सकाळी तिनं पाहिलं:
रात्री टेबलावर ओतलेला ढीग
खणाखणांत लागलेला, आणि सगळा चुकलेला.
त्याला घरं ठाऊक होती,
आत कोण राहायला आलंय ते नव्हतं.
तिनं चिठ्ठी लिहिली, जरा खडसावूनच:
“मस्य, जुन्या सुताराच्या घरात आता दंतवैद्य राहतो.”
दुसऱ्या दिवशी दंतवैद्याची पत्रं जागेवर,
आणि चिठ्ठीच्या पाठीवर, मीठ वाळून उमटलेलं,
“मेर्सी.”

मग अकरा वर्षं.
ती त्याला हॉकीचे निकाल वाचून दाखवायची.
दोन कप चहा ओतायची;
दुसरा लवकर निवायचा, तेवढंच त्याचं पिणं.
हिवाळ्यात तिच्या गाडीच्या काचेवरचं बर्फ
कुणीतरी खरवडलेलं असे, पण रस्ता दिसेल एवढंच.
झोएलचं घराणं काटकसरी, आजी सांगायची.
पहाटे पाचला कामावर जाताना ओदील ओठ रंगवू लागली.
आम्ही पाहिलं. गाव आहे, पाहणारच.
बोललं मात्र कुणी नाही.

गेल्या ऑक्टोबरात हॅलिफॅक्सहून कागद आला:
पोस्ट बंद. टपाल यापुढे पेट्रोल पंपावर,
पत्र्याच्या डब्यांत, प्रत्येकाला किल्ली.
लाकडी कपाट मोडीत.
गाव करी ते राव न करी.
माझा मासळीचा ट्रक होता, सहा जण होते,
आणि साहेब जेवायला गेला होता.

पुलावर मला ब्रेक मारावा लागला.
कपाटाचे सगळे खण एकदम वाजायला लागले,
थंडीनं दातखीळ बसायच्या आधी दात वाजतात तसे.
खाली खाडी.
ओदील काही न बोलता मागे चढली,
कपाटाला दोन्ही हात लावून उभी राहिली
आणि मी चालत्या माणसाच्या वेगानं गाडी नेली
पाणी मागे पडेपर्यंत.

तिच्या स्वयंपाकघरात ते जेमतेम मावलं.
फ्रिज जिन्याखाली गेला.
पहिली रात्र, काही नाही. दुसरी, नाही.
टेबलावर तिचं विजेचं बिल, बियाण्यांचा कॅटलॉग,
जिथे ठेवले तिथेच.
दोन्ही चहा सारखेच निवले.
माझ्या बायकोनं किसलेल्या बटाट्याची रापूर पाठवली,
एरवी आमच्याकडे ती मयताच्या घरी पाठवतात,
आणि पाठवल्यावर आम्हाला ते आठवलं.

चौथ्या दिवशी पंपावर भेटली.
सहज सांगावं तसं म्हणाली,
“बिल खणात लागलं काल रात्री.”
“कोमोच्या?”
तिनं टाकीचं झाकण फिरवलं, परत फिरवलं.
“सगळ्यात खालची ओळ. तिबोदो.”
तो खण ती अकरा वर्षं पुसत होती, रिकामाच.

मला काय बोलावं सुचेना. म्हटलं,
“मग काढून घेतलंस?”
“बिल काढलं. भरायला नको?
कॅटलॉग राहू दिलाय तिथेच,” ती म्हणाली,
“बियाणं काय एकटीनं निवडायचं?”