पेव

हरिपूरच्या शाळेत, बुधवारी रात्री,
हिशेबाचा वर्ग. अकरा जणी, एक म्हातारा.
"समजलं?" मी विचारते.
बारा माना हलतात.
मग मीच प्रश्न, मीच उत्तर,
फळा पुसून घरी.

दस्तगीरचाचा हळदीच्या पेवांवर राबलेले.
कुलूप लावताना म्हणाले,
"बाई, पेव उघडल्याबरोबर कोण आत उतरतंय व्हय?
तोंड मोकळं करायचं. बसायचं.
आतला वारा निघून जाऊ द्यायचा.
मग कंदील सोडून बघायचा, जळतोय का.
तुम्ही लई घाई करता."

पुढच्या बुधवारी
बावन्नमधून सतरा फळ्यावर मांडले
आणि खडू ठेवून दिला.
पंखा कुरकुरला. कुणीतरी बांगड्या मागे सारल्या.
नदीकडं एक कुत्रं भुंकलं, थांबलं.
माझ्या जिभेवर उत्तर वळवळत होतं,
दातांखाली धरलं.

अक्काताई हेरवाडे. जूनपासून एक शब्द नाही.
पदर तोंडाशी धरूनच म्हणाल्या,
"धा उसनं घेतलं नव्हं शेजारणीकडनं,
ते माघारी कवा द्यायचं?"

हसू फुटलं, आणि मग
एकदम सगळ्याच बोलू लागल्या,
व्याजाचं, बचत गटाचं,
जावेनं नेलेल्या वाटीभर साखरेचं.

मला उत्तर येत नव्हतं.
फळ्यावर पस्तीस लिहायचे
राहूनच गेले.