पाच वर्सां

लुर्दीन मिसनी पहिल्याच दिवशी दारात अडवलं.
"पाच वर्सां. मधी सोडूचा नाय.
कबूल आसात तर चपलां काढा."
मी काढल्या.
पाच वर्षं म्हणजे किती, ते मला काजूच्या हिशेबात कळत होतं :
पाच हंगाम,
पाचदा सोलून निघालेली बोटांची कातडी.

हर्षाली सात वर्षांची. पाय जमिनीला पोचेनात.
मिसनी खाली तांदळाचा रिकामा डबा उलटा घातला.
महिनाभर गाणं म्हणून नाहीच,
नुसतं बोट उचल, बोट ठेव.
"हातात कोंबडीचा अंडा आसा समज. फुटाक देव नको."

फी तीनशे. एकदा मी थोडी कमी करा म्हटलं,
तर मिस म्हणाल्या, "कमी केलंय,
तर तुमी तिका कमी पाठवशात."
नवरा म्हणाला, "पेटी तरी शिकला असता चेडू,
भजनाक तरी उपयोग."
खरं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरी पियानो कुठला?
फॅक्टरीतून डब्यांचा एक पुठ्ठा आणला,
मिसच्या पट्टीने मोजून पांढऱ्या आखल्या,
काळ्या रंगवल्या बुटाच्या पॉलिशने.
रात्री सरावाला बसली की
तिची बोटं माझ्या बोटांसारखी काळी.
टक, टक, टक.
नवरा बातम्यांचा आवाज वाढवायचा.
तिसऱ्या वर्षी कधीतरी
त्यानेच तो कमी केलेला मी पाहिला.
बोललो नाही कुणीच.

त्याच वर्षी मिसनी मला बसवलं बाकावर.
मी हात पदराखाली घेतले.
टरफलाच्या तेलाचे डाग साबणाने जात नाहीत.
मिसनी चष्म्यावरून पाहिलं.
"मगे ह्यो काळ्यो पट्टयो कित्याक आसत?"

चौथ्या वर्षी ती विहिरीच्या कठड्यावर बसून राहिली.
"माका नको. सगळी खेळतत."
समोर किनाऱ्यावर खरंच सगळी खेळत होती.
उभ्यादांड्यापासून कॅम्पापर्यंत मी तिला ओढत नेलं,
म्हणजे हात धरला नव्हता,
पण ओढतच नेलं.
वाटेत दोघी रडलो, वेगवेगळ्या बाजूंना तोंड करून.
ते बरोबर केलं की नाही,
आजही विचारलंत तर सांगता येणार नाही.

श्रावणात मिसचा पियानो फुगतो.
आत रात्रंदिवस पिवळा बल्ब जळतो, तरी खारी हवा ऐकत नाही,
मधली एक पट्टी दाबली की खालीच राहते.
बेळगावचा माणूस येणार दिवाळीनंतर.
मला वाटलं, तेवढे महिने सुट्टी.
मिस म्हणाल्या, "सूर नाय, जागा आसा.
थंय बोट टेकव, तितकोच वेळ थांब,
मगेच फुडे जा."

लोक विचारतात, फायदा काय झाला?
दहावीला एकाहत्तर टक्के. पियानोशिवायही पडले असते.
टीव्हीवर आली नाही. येणारही नाही.
पण एक ओळ चुकली
तर चाळीस वेळा परत जाते, न चिडता,
जशी कुणाची सांडलेली सुई शोधावी.
आणि बाप दोन महिने बिनकामाचा घरी होता,
तेव्हा त्याच्या शेजारी बसून
काही न बोलता थांबता येणारी
घरात ती एकटीच होती.

पाच वर्षं संपून तीन झाली.
कुणी मोजलीच नाहीत.

काल फॅक्टरी सुटल्यावर मी मिसच्या घरावरून आले.
खिडकी उघडी. ती वाजवत होती.
ती पट्टी अजून अडकलेलीच,
सुराच्या मधोमध एक भोक.
मी कुंपणाशी थांबले, हातात सुक्या बांगड्याची पिशवी.
भोक जवळ आलं,
आणि मी, जिने एकही धडा घेतला नाही,
मी तो सूर
हळूच तोंडातल्या तोंडात म्हटला.
वेळेवर.