खड्डे बुजवा

पहिली आज्ञा असते : खड्डे बुजवा.
नकाशावर पाणी सोडण्याआधी
जमिनीतला एकूणएक खोलगट ठिपका
काठोकाठ भरून घ्यायचा.
नाहीतर धार तिथेच अडते
आणि संगणक सांगतो, नदी संपली.

मी बटण दाबते.
कुंभारीकडच्या मुरमाच्या खाणी भरतात,
होटगीचे हौद, कुणाकुणाच्या विहिरी,
रेल्वेच्या कडेचं डबकं,
सगळं दीड मिनिटात.
महापालिकेला हे जमलं असतं तर...
असो.

तीस मीटरचा एक चौकोन, त्यात एक आकडा.
चारशे एकोणसाठ. शेजारी चारशे अठ्ठावन्न.
पाण्याला एवढंच कळतं : शेजारी कमी आहे.
वडील साखरपेठेत जकार्डचे पुठ्ठे पाडायचे.
भोक असेल तिथे धागा वर, नसेल तिथे खाली,
असे हजारभर पुठ्ठे फिरले
की चादरीवर मोर उभा.
त्यांना स्क्रीनवरचे चौकोन दाखवले
तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून
बराच वेळ बघत राहिले,
मग तेलुगूत म्हणाले,
डिझाईन कुणाचं?

उपग्रह दर पाच दिवसांनी डोक्यावरून जातो.
जलपर्णी इतकी माजलेली
की कंबर तलाव त्याला शेत वाटतो.
माझ्याही पाण्याच्या यादीत
तो महिनाभर नव्हता.
आणि मी रोज संध्याकाळी
नाकाला ओढणी लावून
त्याच्याच काठाने घरी येत होते.

भीमेला नाव आहे. सीनेला आहे.
भोगावती तीन फायलींत तीन तऱ्हांनी लिहिलेली.
आदिलेच्या ओळीत
नावाचा रकाना कोरा.
मी तो भरला, जतन केला,
दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडून पाहिला.
होता.

ज्या दिवसाची नोंद नाही
तिथे आम्ही उणे नऊ हजार नऊशे नव्याण्णव लिहितो.
चुकून तसंच राहिलं तर
आलेखाची रेघ समुद्राच्याही खाली कोसळते.
वडकबाळच्या वहीत असा एकच दिवस निघाला,
पेन्सिलीने फक्त : पट्टी दिसत नाही.
खाली सही, बसलिंगप्पा हत्तुरे.

ते भेटले. निवृत्त होऊन अकरा वर्षं झालेली,
पण रोज सकाळी आठला
पुलावर एक चक्कर अजून असते.
"पट्टी बुडाली होती की ताई.
मग काय, देवळाच्या पायऱ्या मोजल्या.
सात उरल्या होत्या वर."
मग लिहिलं का नाही?
"पायऱ्यांचा रकाना कुठं होता वहीत?"

मी घाटावर टेप लावला.
एकही पायरी दुसरीसारखी नाही.
सोळा, एकोणीस, साडेसतरा,
मध्ये झिजून ताटासारखी झालेली एक.
वरून सातवी अर्धी फुटलेली.
काठ धरायचा की फुटकी कड?
दोन्हींत नऊ सेंटिमीटरचा फरक,
आणि एवढ्या सपाट मुलखात
नऊ सेंटिमीटरवर पाणी
कुणाच्या तरी उंबऱ्याच्या आत असतं
किंवा बाहेर.

बसलिंगप्पांनी चप्पल काढली,
त्या तुटक्या जागेवर पाऊल ठेवलं,
उचललं.
म्हणाले,
"त्या दिवशी ही फुटलेली नव्हती."