ओरखड्यानंतरचा पहिला तास

रिगा, सहासष्टचा फेब्रुवारी. दौगवा गोठलेली,
आणि संस्थेच्या तळघरात आमची काळोखी खोली.
दाराला दोन पडदे, कारण उजेड आत शिरला
की धातू जास्तच बडबडतो.

माझं काम सोपं.
ॲल्युमिनियमची चकती, नखाएवढी, पकडीत घट्ट.
तिच्यावर पोलादी ब्रश एकदाच ओढायचा,
शेपटीकडून डोक्याकडे, आई हेरिंगचे खवले काढायची तसा.
मग हात मागे.
मग मोजायचं.

टिक.
टिक टिक.
मग लाह्या फुटाव्यात तसं, आकड्यांना श्वास नाही.
तिसऱ्या मिनिटाला चारशे बारा. दहाव्याला निम्म्याहून कमी.
तासाभराने एखादाच चुकार टिक,
सगळे गेल्यावरही दाराशी घुटमळणारा पाहुणा.

"किरणोत्सर्ग नाही हा," आउस्मा म्हणाली पहिल्या दिवशी,
"नुसतं उघडं पडलंय ते."
हवा येऊन बसते, डोळ्याचं पातं लवायच्या आत
कातडी धरू लागते,
आणि ती धरता धरता आतले इलेक्ट्रॉन
बाहेर उडी घेतात.
मी विचारलं, दुखत असेल का?
ती म्हणाली, "लिही. चारशे बारा."

मोजणाऱ्या नळ्या माझे वडीलच घडवायचे,
बोळाच्या दुसऱ्या टोकाला, लेथवर.
नवी नळी पहिले दोन दिवस हमखास खोटं बोलते.
समोर काही नसताना मोजत सुटते,
स्वतःचाच ताजा काप मोजते.
आउस्मा तिला फ्लॅनेलमध्ये गुंडाळून खणात ठेवायची.
"झोपू दे. शहाणी होईल."

छप्पन्न साली ते परत आले, तेव्हा मी बारा वर्षांची.
त्या रात्री ते बोलले.
स्टोव्हपाशी, बूटही न काढता,
नद्यांची नावं, माणसांची नावं,
कुणा विटोल्डच्या उशाखाली सापडलेला एक चमचा
आणि त्यापायी त्याला काय झालं ते.
आई म्हणाली, हळू, भिंत पातळ आहे.
ते हळू झाले. थांबले नाहीत.
मी रजईत. मोजायला हवं होतं, मोजलं नाही.
सकाळी त्यांनी दाढी केली, राईचा पाव कापला
आणि विचारलं, सहा नंबरची ट्राम अजून
पुलावरूनच जाते का?
नंतर दहा वर्षं ट्राम, हवामान, पाव.

निर्वात काचेखाली मात्र वेगळं असतं.
हवाच नाही, म्हणून चकती तासन्‌तास उघडी,
आणि जवळजवळ गप्प.
तशा दोन चकत्या आउस्माने एकदा एकमेकींवर दाबल्या.
जोडल्या गेल्या. डाग नाही, आग नाही.
चिमट्याने ओढल्या तर तिसरीकडेच फाटल्या,
सांध्यावर नाही.
ती बराच वेळ तो फाटलेला तुकडा बघत बसली,
मग चहा ठेवायला गेली.

त्या गुरुवारी वडील स्वतः नळी घेऊन आले.
तळहातावर पितळेचा कीस चिकटलेला.
मी म्हटलं, बसा, दिवा घालवते.
ब्रश ओढला.
लाह्या फुटल्या.
ते ऐकत राहिले, मान जरा तिरकी,
विरळ होत होत शेवटच्या टिकपर्यंत.

"किती वेळ चालतं हे?"
तासभर.
"पुष्कळ झालं," ते म्हणाले.

आणि अंधारात चाचपडत माझ्या हातातून ब्रश घेतला,
त्याच चकतीवर पुन्हा ओढला, माझ्याहून जोरात,
आणि त्या तडतडीच्या आडून, जणू मधे
दहा वर्षं गेलीच नाहीत असं, म्हणाले,
"तो चमचा विटोल्डचा नव्हता.
माझा होता."

नोंदवहीत त्या वेळेसमोर आकडा नाही.
आउस्माने दुसऱ्या दिवशी बघितलं,
काही विचारलं नाही,
पेन्सिलीने एक बारीक रेघ मारली.