झोळीला पोट हवं

नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत झाडाचं विचारू नका.
एक पवनचक्की, तिच्याखाली गुरांची पत्र्याची टाकी,
आणि मग गवत.
गवत संपलं की पुन्हा गवतच.

अशा ठिकाणी एमिल होलूबला झोळीत झोपायचं आहे.
वय एकोणऐंशी, दोन्ही गुडघे धातूचे.
छत्तीस वर्षं विजेच्या खांबांवर चढला,
आता ट्रकच्या उघड्या फळीवर पाय लोंबकळत ठेवून
लेकीला हुकूम सोडतो.

लिब्बी, खांब बाहेर झुकव. थोडा. थोडा म्हटलं ना.
तणावा खांबाच्या उंचीइतका तरी लांब ने,
जवळ मेख मारलीस तर उपटून हातात येईल.

खांब ॲल्युमिनियमचे, एकात एक सरकणारे,
तिनंच पोस्टानं मागवलेले, त्याच्या वाढदिवसाला.
अकरा वर्षं दोघं फोनवर फक्त हवामान बोलत आलेत.
गारा पडल्या का. पडल्या.
गुरं? बरी आहेत.

ती मेख मारते. घणाचा आवाजही नीट येत नाही.
वाळूच ती, लोण्यासारखी आत घेते
आणि दोरी ओढली की तितक्याच प्रेमानं परत देते.
दुसरी तिरकी मारते, डोकं झोळीपासून पलीकडे.
तीही येते.
सगळी मेख तर इथेच, आणि इथे मेख धरत नाही.
तिसरी निघाल्यावर ती आजीच्या चेक भाषेत शिवी हासडते
आणि म्हातारा खूश :
विसरली नाहीस म्हणजे.

मग तो सांगतो, मेलेला माणूस पूर.

ती घण खाली ठेवते.
वारा टाकीतल्या पाण्यावरून एकदा जाऊन येतो.

अगं, ओंडका! कुंपणाचे जुने खांब पडलेत ना, सीडरचे, त्यातले दोन आण.
हातभर खोल चर खण, आडवा ठेव,
मधोमध दोरी बांध, वाळू लोट आणि नाच वरून.
आम्ही लाइनवाले त्याला मेलेला माणूस म्हणतो.
इथे उभं काही धरत नाही,
आडवं पडलेलं धरतं.

ती खणते. वरची वाळू कोरडी, उन्हानं तापलेली,
हातभर खाली ओली, गार, कॉफीच्या गाळासारखी.
दोन चर. दोन ओंडके.
बुटांसकट ती पोल्काची चार पावलं टाकते,
तो फळीवर बोटांनी ठेका धरतो, चुकीचा.

आता झोळी. ताणून नको बांधूस.
ताणून बांधतात ते नवखे. जितकी सरळ, तितकी ओढ जास्त.
खांब बिचारा नुसता दाबला जातो,
ओढ सगळी जमिनीत जाते.
झोळीला पोट हवं.

ती दोरी वीतभर सोडते.
मग अजून चार बोटं, न सांगता.

त्याला बसवणं हे वेगळंच बांधकाम.
आधी पार्श्वभाग, मग एक गुडघा, मग दुसरा,
मग टोपी, जी पडली.
खांब करकरतात.
वाळू काहीच म्हणत नाही.
धरलं.

ती तणाव्याशेजारी गवतात बसते,
दोन बोटं दोरीवर ठेवते, नाडी बघावी तशी.
दोरी किंचित ताठ होते, किंचित सैल.
ताठ. सैल.
त्याचा श्वास एवढ्या लांब येतो
हे तिला माहीत नव्हतं.
ताठ. सैल. ताठ.
आणि थांबतो.

ती मान वर करते.

गप, तो म्हणतो. ऐक.
कुंपणाच्या तारेवर मेडोलार्क,
पिवळी छाती फुगवून.

संध्याकाळी खांब एकात एक सरकवताना ती विचारते,
ओंडके काढू?
राहू दे. दोरीची टोकं तेवढी वर ठेव,
सापडतील अशी.

ट्रकमध्ये चिंधी शोधते ती. लाल मिळते,
तेलाचा वास येणारी.
दातांनी फाडून दोन करते.