पहाटेच्या अंगानं आत

लोणच्याची रिकामी बरणी, तीनदा घासली तरी मोहरीचा वास धरून बसलेली.
आत रेशमाच्या एका धाग्यावर चुंबकाची कांडी,
कांडीला चिकटवलेली नखाएवढी आरशाची कपची.
लेझरचा ठिपका तिच्यावरून उडून
समोरच्या भिंतीवर बसतो
आणि मी पेन्सिलीनं त्याची जागा मांडते,
दर अर्ध्या तासानं.
खानापूर, हायस्कूलची प्रयोगशाळा. मी तिथली असिस्टंट.
पगाराची स्लिप कन्नडमधून येते.
ठिपका कुठल्याच भाषेत येत नाही.

यल्लाप्पा बिर्जे, रिटायर लाईनमन, माझे मामा,
डबा द्यायला आले ते स्टुलावर बसूनच राहिले.
"कशाची वाट बघालीस?"
म्हटलं, सूर्यावरनं वादळ सुटलंय, रात्री पोचेल.
ते खिडकीशी जाऊन आले.
"ढग तर न्हाई एकबी."

मग मला जमेल तसं सांगत गेले:
पृथ्वीभोवती चुंबकाचं अंगण आहे, फार लांबवर सारवलेलं,
सूर्याचा वारा त्याच्या कडेला घासत जातो,
त्यातनं करंट उठतो
आणि चुंबकाच्या रेषा धरून ध्रुवावर उतरतो.
तार नाही. खांब नाही. चिनी मातीची एक चिमणीसुद्धा नाही.
"किती अँपिअर?"
दहा लाख. कधी वीस. आज जास्तच.
मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"खरं, उतरला तर परत कुठनं जातोय?
करंटला परतायला वाट लागतीय की."

आमच्यात 'खरं' म्हणजे 'पण'.
पुण्याच्या पाहुण्यांना हे कधीच उमगत नाही,
त्यांना वाटतं आम्ही कबूल झालो.

फळ्यावर गोल काढला.
पहाटेच्या अंगानं आत, मी म्हटलं,
मग सव्वाशे किलोमीटरवरच्या विरळ हवेतून
ध्रुवावरनं आडवा,
आणि सांजेच्या अंगानं बाहेर, पुन्हा वर.
बाहेर पडतो तिथं उजेडाचे पडदे हलतात, हिरवे.
आपल्याकडं काही दिसायचं नाही, मामा.
इथवर येते ती नुसती कुणकुण.

मामा बोलले नाहीत.
उजवा हात टेबलावर ठेवला,
करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नसलेला.
मग डाव्या पायातली चप्पल सोडली, टाच वर केली.
चिंचोक्याएवढा पांढरा खळगा.
"नंदगड फीडर. हितनं आत."
टाचेवर बोट ठेवून, "हितनं भाईर."
जरा थांबून,
"मधी मी."

फळ्यावरचा गोल आता मला गोल दिसेना.
"मधी काय हुतंय तितं?"
तापतं, मी म्हटलं. हवा फुगते.
वरनं जाणारे उपग्रह तिच्यात अडखळतात, इंच इंच खाली येतात.
"तापतंयच," मामा म्हणाले,
सबस्टेशनवरच्या माणसानं दुसऱ्या सबस्टेशनबद्दल बोलावं तसं.
"उजेडाचं म्हाईत न्हाई. मला काळं दिसलं."

डबा उघडला. बांगड्याची आमटी गार झाली होती, तशीच खाल्ली.
लोंढ्याकडं एक मालगाडी गेली, ठिपका थरथरला,
मी तो धरला नाही. मालगाडी मोजायची नसते.

पावणेदोनला मामांनीच पाहिलं.
"हाललं बघ."
एक बोट. डावीकडं. थरथर नाही,
कुणीतरी उशी सरकवावी तसं.
गाडी नव्हती, वारा नव्हता.
मामांनी नाइट ड्युटीवरच्या मठपतींना फोन लावला.
"एनर आतेनु?"
पलीकडून मोठी जांभई आणि "एनू इल्ल री."
व्होल्टेज ठीक. फीडर ठीक. गाव झोपलेलं,
सगळे फॅन फिरत होते.

मी ठिपक्याकडं बघतच राहिले.
"लिही की," मामा म्हणाले, "आता लिही."
आणि चप्पल शोधता शोधता, खाली बघूनच,
"माझ्या दिवशी लॉगबुकात लिवलं हुतं:
फीडर ट्रिप, बावीस मिनिटं.
तेवढंच."

मी वेळ लिहिली. एक वाजून चव्वेचाळीस.
मग पेन्सिल तशीच धरून
पुढं काय लिहायचं त्याचा विचार करत बसले,
तोवर ठिपका
अर्धं बोट परत आला होता.